चुलीपाशचा स्पीकर

वसईतल्या लग्नांत गिटार वाजवणारे रेमंडकाका वर्षात तिसऱ्यांदा जळका ॲम्प घेऊन माझ्या दुरुस्तीच्या दुकानात आले, तेव्हा मी ॲम्प उघडलाच नाही. “काका, आधी सांगा, याला स्पीकर किती जोडता?”

“दोन. एक नाचणाऱ्यांसमोर, एक मांडवामागे चुलीपाशी. आमची फिलोमिना रांधते ना तिथे! लोक म्हणतात, रांधणाऱ्या बायकांना गाणं कशाला? दर लग्नात कोणीतरी तिथली वायर उपटतंच, मी परत लावतो.”

मी काकांना टेम्पोतून दोन्ही स्पीकर उतरवायला लावले आणि त्यांच्या पाठी पाहिल्या. चार ओहम, चार ओहम. ॲम्पवर लिहिलं होतं, चारच्या खाली नको. चोर सापडला.

“दोन्ही आपापल्या वायरीने थेट ॲम्पला लावले की मिळून दोनच ओहम उरतात. मग ॲम्पला झेपत नाही, तापून जळतो. एकच ठेवा.”

“चुलीपाशचा काढू?” काकांचा चेहरा पडला.

मला राहवलं नाही. “थांबा. एकामागे एक जोडून देते. आठ ओहम होतील, ॲम्प वाचेल. पण आवाज थोडा कमी येईल. आणि एकाची वायर निघाली की दुसराही बंद.”

काका थबकले. “म्हणजे चुलीपाशची वायर उपटली, तर मांडवातला नाचही थांबेल?”

“लगेच.”

“जोड, बाय,” काका खुर्ची ओढून ऐसपैस बसले. “मग उपटू दे कोणाला उपटायची ती.”