शेवटच्या इंजेक्शनापासून

किटलीचं झाकण दूध केंद्राच्या फरशीवर टणकन पडलं. अक्कांच्या हातातून निसटलं होतं ते. तपासणीच्या पट्टीवर दुसरी रेघ उमटलीच नव्हती. म्हणजे आजारी गाईला टोचलेलं औषध दुधात उतरलं होतं.

"अगं, दूध न घालायचे तीन दिवस पाळले की मी! सोमवारपासून बोटांवर मोजतेय."

"सोमवारी पहिलं इंजेक्शन झालं, अक्का. शेवटचं कालच झालं. दिवस त्याच्यापासून धरायचे," मी म्हणाले.

अक्का मटकन बाकावर बसल्या. "बावीस वर्षांत माझं दूध कधी माघारी गेलं नाही गं. एवढंसं तर आहे. टाकीत कुणाला कळतंय?"

मला त्यांच्याकडे बघवेना. पण टाकीत सगळ्या गावाचं दूध होतं. मी झाकण लावून किटली त्यांच्या हातात दिली. "लहान पोरं पितात हे दूध, अक्का. रविवारी आणा. सगळ्यांच्या आधी तुमचंच घेते."

"घे बाई." त्यांनी पदराने डोळे टिपले. "ओतून तरी कशाला टाकू? वासराला पाजते."

त्या गेल्या. टेबलाखाली खेळणाऱ्या माझ्या लेकीने माझी ओढणी खेचली.

"आई, ते वासरू माझ्याहून लहान आहे ना? मग त्याला कसं चालतं गं?"