चड्डीचा निकाल

"हात लावू नका बाबा, मी काढते!" असं ओरडत लेक मातीत गुडघे टेकून बसली आणि खुरप्याने उकरू लागली.

खाली बाबांची चड्डी पुरलेली होती. हसू नका. लेक ज्या शेतीशास्त्राच्या वर्गात जाते, तिथला हा रीतसर प्रयोग आहे. कोरी, सुती चड्डी वीतभर खोल पुरायची आणि साठ दिवस थांबायचं. माती जिवंत असेल तर तिच्यातले जीव सूत खाऊन टाकतात. मेलेली असेल तर चड्डी जशीच्या तशी वर येते. एक चड्डी लेकीच्या तुकड्यात होती, जिथे दोन वर्षं रासायनिक खताची गोणी किंवा तणनाशक असं काहीच आलं नव्हतं. दुसरी बांधापलीकडे, बाबांच्या तुकड्यात. लेकीच्या तुकड्यातली चड्डी शाबूत निघाली तर उद्या तिच्याही तुकड्यावर तणनाशक मारायचं, असं बापलेकीत ठरलं होतं. शब्द म्हणजे शब्द.

वीत झाली. दीड वीत झाली. चड्डीचा पत्ता नाही.

"खुणेची काठी हलली असेल गं," आई म्हणाली.

"मीच रोवलीय, आई!"

"मग कुत्र्यानं नेली," बाबा म्हणाले. स्वारी भलतीच खुशीत होती. "चला, उद्या फवारणी."

चड्डीच नाही, तर लेक दाखवणार काय? दोन वर्षांची मेहनत पाण्यात. तिने खुरपं फेकलं आणि दोन्ही हातांनी माती चिवडायला घेतली. काळी, भुसभुशीत माती, मुठीत गांडुळं वळवळत होती. तेवढ्यात बोटात काहीतरी अडकलं. तिने ओढलं. इलॅस्टिक! कमरेचं नुसतं इलॅस्टिक, त्याला लोंबणारे दोन धागे.

"खाल्ली!" ती किंचाळली. "आई, खाल्ली! अख्खीच्या अख्खी खाल्ली!"

इलॅस्टिक डोक्यावर नाचवत ती वाफ्यातून धावत सुटली. रस्त्यावरचा दूधवाला सायकल थांबवून विचारू लागला, "काय खाल्लं हो?"

"ह्यांची चड्डी," आई बोलून गेली आणि तिने जीभ चावली. मग तिघंही पोट धरधरून हसले. हो, बाबासुद्धा.

"आता तुमची!" लेक म्हणाली.

बांध ओलांडून बाबांनी कुदळ स्वतः घेतली. तिसऱ्या घावाला एक टणक ढेकूळ उलटलं आणि त्याखालून चड्डी निघाली. मळलेली, पण धड. बाबांनी ती झटकली, उजेडात धरली. शिवण उसवलेली नव्हती.

"चला, एक तरी वाचली," आई म्हणाली.

या वेळी बाबा हसले नाहीत. त्यांनी चड्डी उलटसुलट केली. एखादं भोक, कुठे कुरतडल्याची खूण, काहीतरी दिसेल म्हणून बोटाने सगळीकडे चाचपून पाहिलं. मग ढेकूळ फोडून आत बघितलं. आत काही हललं नाही.

"तीस वर्षं पोसलं हिला," ते म्हणाले. "साठ दिवसांत एक घास खाल्ला नाही गं हिनं."

हातातलं इलॅस्टिक लेकीने खाली केलं.

"भूक परत येते, बाबा. तीनचार वर्षं जातात, पण येते. नक्की येते!"

"आणि तोवर हिला भरवायचं काय?"

झालं! लेकीच्या तोंडाचा पट्टा सुटला. शेण, पालापाचोळा, दोन पिकांमध्ये पेरायची कडधान्यं, तण उपटून तिथेच का पसरायचं, सगळं एका दमात, श्वास घ्यायलाही न थांबता.

"अगं, हळू," बाबा म्हणाले. चपला काढून ते सरीत मांडी घालून बसले. "पहिल्या दिवशी वर्गात काय शिकवलं, तिथपासून सांग. मी शाळेत कायम मागच्या बाकावर होतो."