ठेच्याची बरणी

“आज दुपारी तीनपर्यंत ही ठेच्याची बरणी रिकामी झाली नाही, तर आमच्या घरात पुन्हा मिरची भाजणार नाही,” नागेशने तळमजल्यावरच्या जर्मन घरमालकांना, लोरेन्सना, छातीठोक सांगितलं. “झाली, तर जिन्यातली ‘खिडकी उघडी ठेवून मिरची भाजू नये’ ही तुमची नोटीस भर गल्लीत फाडायची. आणि बरणी संपवणार कोण? चिनी टुरिस्ट!”

“ठरलं!” लोरेन्सनी हात मिळवला. पंधरा वर्षं ते बघत होते. हायडेलबर्गचा किल्ला उरकून चिनी बस यायची आणि माणसं थेट कोपऱ्यावरच्या चिनी हॉटेलात घुसायची. गल्लीतल्या दरवर्षीच्या फेस्टमध्ये, म्हणजे जत्रेत, लोरेन्सच्या गरमागरम सॉसेजकडेही कुणी ढुंकून बघायचं नाही.

नागेशची बायको शोभना उखडली. “अहो, माझ्या मिरच्या पणाला लावल्यात? मला विचारलंत तरी?”

“तू फक्त पाणी उकळ.”

फेस्टमधल्या त्यांच्या टेबलावर पाण्याचं पातेलं आणि ठेच्याची बरणी. बस्स. समोर पाटी, नागेशच्या ऑफिसातल्या चिनी मित्राने लिहून दिलेली: उकळतं पाणी, फुकट.

बस आली. घोळका पाटीपाशी थबकला आणि टेबलावर तुटून पडला. पिशव्यांतून नूडल्सचे कागदी डबे निघाले, सेल्फी-स्टिका निघाल्या, पाणी भराभर संपलं. बरणीला कुणी हात लावेना. लोरेन्सनी लांबून घड्याळ दाखवलं. शोभनाने पातेलं पुन्हा भरलं. मिरचीच्या खकाण्याशिवाय हे घर म्हणजे नुसतं भाड्याचं.

तेवढ्यात एका आजीने पर्समधून तिखटाची बाटली काढली. उलटी केली. झटकली. थेंब नाही. शोभनाने बरणी पुढे सरकवली. आजीने चमचाभर ठेचा घातला, एक घास खाल्ला, डोळे पुसले आणि अख्ख्या बसला हाक मारली.

पावणेतीनला बरणीचा तळ दिसला. खात्री करायला म्हणून लोरेन्सनी सॉसेजचा तुकडा आतून फिरवला. खाल्ला. कान लालबुंद.

“चिनी लोकांचं तुला एवढं कसं माहीत?” त्यांनी घसा खाकरत नागेशला विचारलं.

“मला कुठलं? माझी आई युरोप टूरला आली होती. आठ दिवस पिशवीतला ठेचा पुरवला. नवव्या दिवशी पॅरिसमध्ये रडली.”

लोरेन्स घरात गेले, दोन कागद घेऊन आले आणि बाकावर चढले. जुनी नोटीस सगळ्यांदेखत टरकावली. मग नवी, सहीशिक्क्याची, खड्या आवाजात वाचली:

“दर शनिवारी सकाळी दहा ते बारा या वेळेत मिरच्या भाजल्या जातील. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. ठेचा उरल्यास तळमजल्यावर कळवावे.”