जांभळाभोवतीचं कुंपण

जांभळाचा शेंडा वाळल्याचं पहिल्यांदा सुनेने पाहिलं. गच्चीवर गाद्या उन्हात टाकताना तिने हाक मारली, "अण्णा, जरा वर या."

शेंड्याची पानं तांबूस पडून वळली होती. अण्णा तसेच मागे वळले. जिना उतरले आणि सरळ बांधकामाच्या मुकादमाच्या अंगावर गेले.

"सिमेंटचं पाणी कुठे ओतलंस?"

"अण्णा, तुमचा पहारा असताना आत जायची माशीची तरी बिशाद आहे का?"

ते खरं होतं. मुलाने मागे खोली वाढवायला घेतली, तेव्हा अण्णांची एकच अट होती. वर्षापूर्वी गेलेल्या बायकोने लावलेल्या झाडाला धक्का लागता कामा नये. फांद्या पोचतात तिथवर त्यांनी पत्र्याचं कुंपण घातलं. विटांचा ट्रक फाटकाबाहेर थांबवला. खोलीच्या जागी बायकोचा फुलांचा वाफा होता. ती माती राडारोड्याबरोबर जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतः घमेल्याने वाहिली आणि खोडाभोवती रचली. "तिचं तिच्याजवळ," म्हणाले. सुनेने डोळे पुसले होते. रोज सकाळी ते तिथे पाणी घालत.

आता त्यांना बसवेना. जेवता जेवता उठून खिडकीशी जात.

"झाली ना खोली मनासारखी?" ते मुलाला म्हणाले.

"अण्णा, मी काय मुद्दाम केलं?"

"आईचं एक झाड सांभाळता आलं नाही तुला."

मुलगा ताटावरून उठला. मुकादमाला अण्णांनी उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

झाडं तपासणारी बाई मुलानेच आणली. ती कुंपणाभोवती फिरली. "इतकं जपून कुंपण कुणी घालत नाही हो," ती म्हणाली. अण्णांनी मुलाकडे पाहिलं.

"मग यांनी काय केलं ते शोधा."

बाईने ठिकठिकाणची माती उकरून पाहिली, हुंगली. सिमेंट नव्हतं. चाकाखाली दबलेली जागा नव्हती. मग ती खोडाशी गुडघ्यांवर बसली आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"खोड खाली रुंदावायला हवं, पाय फाकवून उभं राहिल्यासारखं. हे खांबासारखं सरळ खाली चाललंय," ती म्हणाली. "मुळांनाही श्वास लागतो. ही माती घातली कुणी?"

सून खाली बघू लागली. मुलगा फावडं घेऊन आला.

"आज काढलीत तर वाचेल," बाई म्हणाली आणि हात झटकत उठली.

अण्णांनी मुलाच्या हातून फावडं घेतलं. ढिगावर गुलबक्षीची दोन पानं वर आली होती. वाफ्यातलीच. अण्णा फावडं मांडीवर आडवं ठेवून तिथेच बसले. दिवस मावळला. माती अजून काढलेली नाही.