नववी खेळाडू

लिंडिवेने चेंडू झेलला. दोन्ही हातांनी, छातीशी घट्ट धरून, अगदी नमुनेदार झेलला. शिट्टी वाजली आणि नेटपलीकडच्या नऊ शिक्षकांनी टाळ्या पिटल्या. पॉइंट त्यांना गेला होता.

"अगं बाई, झेलायचा नसतो!" शाळेच्या स्वयंपाकघरातल्या क्वाकबाई मागच्या रांगेतून ओरडल्या. "हाण त्याला! पिठाचा गोळा ओट्यावर आपटतात तसा हाण!"

लिंडिवेला त्यातलं 'हाण' तेवढं कळलं. तिने जोरजोरात मान हलवली. डर्बनला असताना अकरा वर्षं ती नेटबॉल खेळली होती, आणि त्यात चेंडू झेलायचाच असतो. डोक्याला कळत होतं, हात ऐकत नव्हते.

दर बुधवारी वर्ग सुटले की शाळेच्या हॉलमध्ये शिक्षकांचा व्हॉलीबॉल असायचा. लिंडिवे कोरियात इंग्रजी शिकवायला आल्यापासून बाकावर बसून गुण लिहायची. पण इथल्या खेळात संघाला सहा नाही, नऊ माणसं लागत आणि खाडीकाठच्या या शाळेत तिला सोडून, बसड्रायव्हर धरून, मोजून नऊच होती. त्यातल्या कारकूनबाईंचा पाय सकाळी जिन्यावर मुरगळला. आता बाकावर बसून त्या गुण लिहीत होत्या आणि लिंडिवे मैदानात होती.

सामना रद्द करायचं कुणी नावही काढलं नव्हतं. मार्चपासून ही शाळा बंद होणार होती. मुलं जाणार होती गावातल्या मोठ्या शाळेत, म्हणजे आज समोर उभ्या असलेल्यांच्याच शाळेत, आणि मोठी माणसं जिल्हाभर पांगणार होती. सहा वर्षांत त्या शाळेला एकदाही हरवता आलं नव्हतं. हा शेवटचा बुधवार होता.

"एक-एक झालंय, अजून एकच सेट!" उपमुख्याध्यापक नामसर म्हणाले. वय अठ्ठावन्न, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. कॅप्टन तेच. लिंडिवेशी ते फार अदबीने वागत. संध्याकाळी दिसली तरी कमरेत वाकून "गुड मॉर्निंग" म्हणत आणि पुढचं इंग्रजी बोलायची वेळ यायच्या आत दुसऱ्या जिन्याने निघून जात.

सेट सुरू झाला तो सुसाटच. क्वाकबाईंच्या सर्व्हिसला उत्तर नव्हतं. साठीची बाई, पण रोज पन्नास लिटरची पातेली उचललेले दंड. ड्रायव्हरने एक चेंडू भिंतीपाशी लोळण घेऊन वाचवला. लिंडिवेने एक सोडला, एक झेलता झेलता आवरला, आणि तिसरा खरोखरच हाणला. तो नेटच्या वरच्या पट्टीला थटून पलीकडे सांडला तेव्हा तिने जी किंकाळी फोडली, तिने छतातली कबुतरं उडाली. पंधरा-सतरा. अठरा-अठरा. आता कुणी बाकावरच्या वहीकडे बघत नव्हतं, सगळ्यांना गुण पाठ होते.

वीस-वीस.

सेट एकवीसचा होता आणि दोन गुणांच्या आघाडीचा नियम आधीच बाजूला ठेवला होता, कारण मुलांची पावणेपाचची बस न्यायला ड्रायव्हर मोकळा व्हायला हवा होता. हा पॉइंट घेईल तो जिंकला.

चेंडू चार वेळा इकडून तिकडे गेला. पाचव्यांदा तो ड्रायव्हरच्या मनगटावरून वाकडा उडाला आणि नेटजवळ उंच चढला. नामसर त्याच्यावर नजर लावून मागे मागे येत होते. लिंडिवे पुढे धावत होती. चेंडू बरोबर दोघांच्या मधोमध उतरू लागला.

"ए, सरक! माझाय!"

तिचं कोरियन दुसरीच्या मुलांकडून उचललेलं होतं. झोपाळ्यापाशी, नळापाशी, जेवणाच्या रांगेत ती एकमेकांना जे म्हणतात, तेवढंच तिला अस्खलित येत होतं. पलीकडचे खेळाडू चेंडू सोडून तिच्याकडेच बघू लागले. उपमुख्याध्यापकांना असं त्यांच्या आईनंतर कुणी म्हटलं नसावं. समोरच्या कॅप्टनचे दोन्ही हात तोंडावर गेले.

नामसर सरकले. दचकून इतके बाजूला झाले की पायात पाय अडकून खालीच बसले. मोकळ्या झालेल्या जागेतून लिंडिवे उडाली आणि तिने सगळा जीव एकवटून चेंडू हाणला. तो समोरच्या कॅप्टनच्या बुटाशेजारी आपटला, उडाला, पुन्हा आपटला. तोंडावरचे हात काढायचं त्याला सुचलंच नाही.

शिट्टी.

मग जो गलका उठला! क्वाकबाईंनी लिंडिवेला कमरेला धरून उचललं आणि गरागरा फिरवलं. कारकूनबाई एका पायावर नाचत होत्या. ड्रायव्हर बसची किल्ली हवेत उडवत होता.

समोरचा कॅप्टन आत्ता कुठे भानावर आला. "हे चालणार नाही! ती काय म्हणाली ते ऐकलंत ना तुम्ही? अहो, आमची माणसं जागच्या जागी थिजली!"

"ऐकलं की," नामसर खालूनच म्हणाले. "ती सरक म्हणाली, मी सरकलो. पॉइंट आमचा."

लिंडिवेच्या आत्ता ध्यानात आलं. क्वाकबाईंच्या मिठीतून सुटून ती धावत आली आणि पुन्हा पुन्हा वाकू लागली. "माफ करा सर, माफ करा, माफ करा."

नामसरांना उठवायला चार हात पुढे आले होते. त्यांनी ते सगळे बाजूला केले आणि आपला हात तिच्यापुढे धरला.

"बघत काय राहिलीस?" ते म्हणाले. "ओढ की!"