मधोमध

दोन्ही आरमारं सकाळपासून आणखी पुढे सरकली, तेव्हा देशाच्या सुकाणूवर बसलेल्या हेमांगी तांडेलने चहा बाजूला ठेवला. तरंगत्या मध्यद्वीपाचा कायदा एकच होता: उत्तरसंघ आणि दक्षिणसंघ, दोघांपासून अंतर सारखंच ठेवायचं. आजवर ते जमलं होतं. आता मात्र दोन्हीकडच्या तोफा साध्या डोळ्यांनी दिसत होत्या.

"हेमा, कुणाच्या तरी करारावर सही करून टाकू," पंतप्रधान दामोदरकाका घाम पुसत म्हणाले. "नाहीतर जात्यातल्या दाण्यासारखं पीठ होईल आपलं!"

"सही केली की दुसरा तोफ डागणार. काका, आपण नुसतं पश्चिमेला सरकलो तर? अंतर दोघांपासून सारखंच राहील की."

"आणि ते काय करतील?"

"तेच तर बघायचंय मला."

तिने देश अलगद बाजूला काढला. वाळत घातलेले बोंबीलसुद्धा हलले नाहीत. मागे दोन्ही आरमारं पहिल्यांदाच समोरासमोर आली. मध्ये नुसतं पाणी. तासाभरात दोन्ही सेनापतींचा संदेश एकदमच आला: "कृपा करून परत मध्ये या."

काकांनी आशेने तिच्याकडे पाहिलं.

"कळवा त्यांना," हेमांगी म्हणाली, "येतो. पण आधी जरा मागे सरा. देश मावायला जागा नको?"