घाटावरचा कूलर

राखीनं कूलर बंद केला, पण उशीर झाला होता. मिनिटभरात जिन्यावर चपला वाजल्या. वरून घरमालकीणबाई उतरत होत्या.

कौशल्याबाईंचा नियम एकच होता. आवाज चालणार नाही. मिक्सरचा नाही, टीव्हीचा नाही, नवराबायकोच्या भांडणाचाही नाही. "मले तसंबी झोप नाही," खोली दाखवतानाच त्यांनी सांगितलं होतं. "लग्न होऊन या गावात आली तवापासून दुपारचा डोळा लागला नाही. अठ्ठावीस वर्षं झाली. मागच्या भाडेकरूले कुकरच्या शिट्टीपायी काढलं." शिट्ट्या तीनच झाल्या होत्या. चौथीची वाट बाईंनी पाहिली नव्हती.

आणि राखीच्या अंगात आता पेट्या उचलायचं त्राण नव्हतं. दोन महिन्यांत ही तिसरी खोली. पहिलीत नळाला पाणी नव्हतं, दुसरीत ते छतातून येत होतं. दोन पेट्यांची सुतळी तर तिनं अजून सोडलीच नव्हती. कोण परत बांधत बसणार?

हे सगळं सासऱ्यांसाठी चाललं होतं. मे महिन्यात उकंडरावांना गावी, नांदुऱ्याकडे, ऊन लागलं. डॉक्टर म्हणाले, पुढचा उन्हाळा इथं काढाल तर त्याच्या पुढचा दिसणार नाही. मग राखीच्या नवऱ्यानं, गोपालनं, जिल्ह्याच्या कचेरीत बदली मागून घेतली आणि घाटाखालचं बिऱ्हाड घाट चढून बुलढाण्यात आलं. टेम्पोत सगळ्यात वर पत्र्याचा कूलर बांधला होता. राजूर घाटाच्या वळणावर ड्रायव्हरनं विचारलं, "भाऊ, बुलढाण्याले कूलर? मंग काश्मीरले काय, बर्फ नेसान?" गोपाल हसला नाही. इतर माणसं घर बदलताना आधी देव उचलतात. घाटाखालचा माणूस कूलर उचलतो. देव मागून येतात.

इथली हवा खरोखरच चांगली निघाली. पौषात माणसं भर दुपारी कानाला मफलर गुंडाळून हिंडत होती. पण राखीच्या घरात कोणाला झोप येईना. उकंडराव टक्क उघड्या डोळ्यांनी छत बघत पडायचे. राखी कूस बदलून बदलून कंटाळायची. गोपाल कचेरीत झोपायचा. पण तिथे तो एकटाच नव्हता, म्हणून ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मग उकंडराव रोज किलोभर ज्वारी घेऊन पिठाच्या गिरणीत जायला लागले. जाताना कोमेजलेले, येताना टवटवीत. घरात पीठ ठेवायला डबा उरला नाही, तेव्हा राखी बघायला गेली. गिरणी धडधडत होती. सासरे पोत्याला टेकून, तोंड उघडं टाकून घोरत होते. मिशीवर बोटभर पीठ साचलं होतं.

"ताई, यायच्या घरी बाज नाही का वं?" गिरणीवाल्यानं विचारलं.

तेव्हा राखीच्या डोक्यात प्रकाश पडला. गावी होळीपासून दिवाळीपर्यंत कूलर उशाशी गरजायचा. दिवाळीनंतर पाणी बंद, पण डासांसाठी पंखा सुरूच. तिच्या लग्नानंतर त्या घरात शांतता अशी कधी झालीच नव्हती. इथे ऊन नव्हतं, डास नव्हते, आवाज नव्हता. माणसानं झोपायचं कशाच्या भरवशावर?

तरी तिनं कूलरला हात लावला नाही. वर कौशल्याबाई होत्या.

आज रविवार. जेवणं झाली आणि उकंडरावांनी पिशवी भरली.

"राखी, मी जातो गावाले. चारची गाडी हाय."

"अन् उन्हाळ्यात काय करसान मामाजी?"

"मरीन," उकंडराव शांतपणे म्हणाले. "पण झोपून तरी मरीन."

राखीनं गोपालकडे पाहिलं. गोपालनं भिंतीकडे पाहिलं. मग तिनं उठून कूलरवरची चादर काढली. पाणी भरलं नाही. वारा अंगावर येऊ नये म्हणून त्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि बटण दाबलं. पत्रा घरघरला. फळीवरच्या वाट्या किणकिणल्या. उकंडराव तीच पिशवी उशाला घेऊन दोन रजयांखाली आडवे झाले आणि पाच मिनिटांत घोरू लागले. गोपालचा डोळा त्यांच्या आधीच लागला होता. राखी फक्त पाठ टेकायला म्हणून पडली.

ती दचकून उठली तेव्हा सव्वाचार झाले होते. चारची गाडी घाट उतरायला लागली असणार. आणि कूलर दीड तास वाजत होता. तिनं धावत जाऊन तो बंद केला होता, तो हा असा.

चपला दाराशी थांबल्या. राखीनं कडी काढली. कौशल्याबाईंचे केस विस्कटले होते, डोळे लाल होते. एका गालावर गोधडीच्या टाक्यांच्या रेघा उठल्या होत्या. राखीची नजर सुतळीच्या पेट्यांकडे गेली. बरंच झालं, तिला वाटलं, निदान या दोन बांधाव्या लागणार नाहीत.

"चुकलं काकू," ती घाईघाईनं म्हणाली. "पुन्हा नाही लावणार. मामाजी गावाले चालले होते, म्हणून..."

कौशल्याबाईंनी चौकटीला हात टेकला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत एक लांबलचक जांभई दिली.

"माह्यं माहेर मलकापूरचं, पोरी. घाटाखालचं," त्या म्हणाल्या. "बंद काऊन केला?"